तिसऱ्या मानाचा राखणदार

खारेवाडीच्या रवळनाथासमोर जत्रेच्या दिवशी सात पितळी राखणदार ओळीने उभे राहत. उंची वीतभरसुद्धा नाही. अंगात चिलखत, डोक्याला शिरस्त्राण, हातात तलवार, आणि तोंडावर असा भाव की देवळात चोर शिरलाच तर आधी आपसांत विचारून घेऊ. गावात मानाची घरे सात, घरटी एक राखणदार, आणि ओळीतली त्याची जागा तीच त्या घराची गावातली जागा. तीर्थ पहिल्याला आधी मिळे, सातव्याला शेवटी. तांब्या एकच, पाणी एकच; तरी पहिल्या घराला ते गोड लागे आणि सातव्याला मचूळ.

पहिला मान भाई गावकारांचा. तिसरा सत्यवानाच्या घराचा. सत्यवान चाळिशीचा, माडाबागायतीवर पोट भरणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला तिसरे ठेवले काय नि तेरावे ठेवले काय, तो तितकेच जेवला असता. पण घरात काशीबाई आत्या होती. वयाच्या विसाव्या वर्षी कपाळ पुसून ती माहेरी परत आली, तेव्हा गावाने 'बिचारी' म्हटले नाही. कारण ती तिसऱ्या मानाच्या घरात परतली होती. त्या एका आकड्याच्या आधारावर ती पन्नास वर्षे ताठ चालली होती.

आणि त्या आकड्याची मुळे तिनेच उपटली होती. दर अमावास्येला चिंच आणि राख घेऊन ती राखणदाराला घाशी. तिच्या आधी तिची आजी घाशी, आजीच्या आधी आजीची सासू. आधी राखणदाराचे नाक गेले, मग मिशा, मग डोळे. तलवारीची सुरी झाली, सुरीची टाचणी झाली, आणि टाचणीही एका अमावास्येला राखेत गेली. लखलखीत मात्र सातांत तोच होता.

सत्तावन सालच्या जत्रेत भाई गावकार ओळीसमोर वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"सत्यवाना, ह्यो राखणो?"

"होय भाईंनू."

"तोंड खंय हेचा?"

सत्यवानाने निरखून पाहिले. "फुडल्या बाजूक असतला."

"मेल्या, ह्यो खलबत्त्यातलो बत्तो! फुडल्या जत्रेक तोंडाचो राखणो घेवन ये. नायतर चवथो तो तिसरो, नि तू सगळ्यांच्या मागे."

घरी आल्यावर आत्या जेवली नाही. "सातव्या मानाच्या घरात मी मरूचंय नाय," एवढेच म्हणाली. ती मरायचीच थांबणार की त्याआधी मरणार, हे तिने स्पष्ट केले नाही. सत्यवानाला दोन्हींची सारखीच धास्ती वाटली.

पितळ ओतणारा कासार होता, तो मुंबईला जाऊन गिरणीत लागला होता. उरला जासिंत. पलीकडच्या वाडीत राहून तो चॅपेलांसाठी वीतभर उंचीचे संत कोरी आणि रंगवी. त्याची चणचण वेगळीच होती. सोनेरी पूड गोव्याहून येई, आणि गोव्याची वाट सरकारने बंद केलेली. त्याच्या फळीवर एक सांत आंतोन डोक्यामागे अर्धेच तेजोवलय घेऊन दोन वर्षे बसला होता. उरलेले अर्धे त्याला पोर्तुगीज गेल्यावर मिळणार होते.

"लाकडाचो करून देतंय," जासिंत म्हणाला. "पण रंग तू दी. गावकारांका समाजला की राखणो किरिस्तावान रंगयलो, तर तुझो मान जायत नि माझी मान."

"पूड नसताना पितळ कसा करूचा?"

"पूड असताना खंयचोय गाढव करता. बस हयसर."

पायरीवर त्याने एक घासलेला पितळी तांब्या ठेवला. "कसलो रंग?"

"पिवळो."

"तोंडान सांगा नको, डोळ्यान सांग."

सत्यवानाने पाहिले. तांब्याच्या खांद्यावर पांढरे आभाळ होते. पोटावर अंगणातली तांबडी माती. मध्ये माडाची काळी रेघ, तिच्याशेजारी जासिंतची फाटकी गंजी, आणि या सगळ्यावर सत्यवानाचे स्वतःचे नाक, भोपळ्याएवढे. पिवळे होते ते कुठेतरी फटीफटीतून.

"पितळेक सोताचा असा थोडाच असता," जासिंत म्हणाला. "पितळ म्हणजे आपली भावकी. आपल्या घरातला कायच दाखवणा नाय, दुसऱ्याच्या घरातला सगळा दाखयता. तू पितळ रंगवा नको. पितळ काय बघता ता रंगय."

पिवडी, गेरू, काजळी आणि सफेदा, एवढ्या चार रंगांवर आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्यावर सत्यवानाची शिकवणी सुरू झाली. फीबद्दल जासिंतने नारळ मागितले, आणि लूर्डसने, म्हणजे त्याच्या बायकोने, टोमणे मारायची मोकळीक. पांगाऱ्याच्या ढलपीवर केलेला पहिला राखणदार काविळीतून उठल्यासारखा दिसला. दुसरा बेसनात बुडवून तळायला काढल्यासारखा. तिसऱ्याकडे बघून आणि नवरी शोधल्यासारखी मान वळवून लूर्डस म्हणाली, "हेका हळद लागली. व्हकल खंयची?"

चूक कुठे होते ते पावसाळ्यात कळले. सत्यवान भित्रा माणूस. काळा रंग घ्यायला त्याचा हात धजत नसे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत तो पायरीपायरीने, सगळ्यांना विचारत उतरे. जासिंतने त्याचे मनगट धरले. "उजेडाच्या मांडीक मांडी लावन काळोख बसय. मधी कोणाक बसूक दिव नको. मगे बघ चकाकता की नाय." सत्यवानाने डोळे मिटून पांढऱ्याला खेटून काजळीची रेघ ओढली. डोळे उघडले तर ढलपीला धार आली होती. त्याने घाबरून बोट मागे घेतले. कापेल म्हणून.

त्या दिवसापासून माणूस बिघडला. जेवताना वाटीत बघत बसे, आमटी निवे. बाराव्याला गेला तिथे मयताच्या मुलाचे सांत्वन करायचे सोडून तांब्याच्या घंगाळाकडे टक लावून, "काठार निळा खंयसून ईला?" असे पुटपुटला. आत्येला वाटले, जासिंत याला बाटवतो आहे. तिने खडसावले तेव्हा त्याने सरळ सांगून टाकले, की राखणदार लाकडाचा आहे आणि रंगाने पितळ होणार आहे.

आत्येने समईची वात सारली. मग म्हणाली, "देवाक मान दिसता. धातू कसली ता विचारूक देव काय कासार आसा?" आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

जासिंतने मात्र शेवटची मेख मारली. "तुझो राखणो उभो रवतलो देवळात, नि तू माझ्या अंगणातला आभाळ रंगयतंस? तो थयसर काय बघतलो?" म्हणून सत्यवान तांब्या घेऊन देवळात गेला आणि ओळीतल्या तिसऱ्या जागेवर मांडी घालून तांब्यात बघत बसला. शिवा गुरवाने ते पाहिले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की सत्यवान देवाकडे पाठ करून स्वतःचे तोंड न्याहाळतो. आता चौथ्याने तिसरे व्हायची तयारी करावी.

पण राखणदार झाला. छातीवर मंडपाचा खांब काळ्या रेघेत उतरला, समईच्या दोन ज्योती दोन ठिपक्यांत, फरशीची तांबूस झाक पोटऱ्यांवर. शिरस्त्राणावर एका केसाने ठेवलेला पांढरा टिपका. जासिंतने वरून राळेचा हात फिरवला, राखणदार लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "आता हात धू. आणखी एक टिपको लावशीत तर बोटा मोडीन."

जत्रेच्या दिवशी दुपारपासूनच आभाळ भरून आले. भर मार्गशीर्षात. मंडपात मातकट उजेड पसरला. ज्याने त्याने आपापला राखणदार आपापल्या हाताने मांडला; दुसऱ्याच्या राखणदाराला हात लावायचा नाही असा दंडकच होता, आणि सत्यवानाने त्या दंडकाचे मनोमन आभार मानले. पण खऱ्या पितळेला समोर बघायला काही उरले नव्हते. मळभ बघून सहाही राखणदार मळभासारखे झाले. तिसरा तेवढा झगमगत होता. त्याचा उजेड त्याने अंगावर बांधूनच आणला होता.

लोक पुढे सरकले. एकाने सहांकडे बघितले, मग तिसऱ्याकडे, मग पुन्हा सहांकडे.

"पितळ असा दिसता, तर ही सा कसली?"

प्रश्न साधा होता. पण खारेवाडीत असा एकही मानकरी नव्हता ज्याला आपल्या चुलत्याचा संशय नव्हता. दुसऱ्या घराला आठवले की वाटण्या झाल्या तेव्हा राखणदार एक रात्र थोरल्या पातीकडे होता. पाचव्याला आठवले की आजोबांचा मेव्हणा तळेऱ्याला भंगार घेई. घटकाभरात सहाही घरांचे राखणदार कधी, कुणी आणि कुठल्या नालायकाने बदलले याच्या सहा स्वतंत्र आणि पुराव्यांनी भरलेल्या कुळकथा तयार झाल्या. सातव्या घरच्या भिकाजीने तर आपल्या सख्ख्या भावाचा गळाच धरला. बायका पदर खोचून पुढे आल्या.

भाई गावकार पांढरेफटक पडले होते. "शिवा, कौल लाव," ते म्हणाले. "माझो राखणो खोटो निघालो तर पयलो मान मी सोडलंय."

म्हातारा खरोखरच सोडणार होता, हे त्याच्या छातीला टेकलेल्या हनुवटीवरून दिसत होते. सत्यवानाला राहवेना. मान ठेवायचा म्हणजे आपला ठेवायचा. दुसऱ्याचा उपटायचा असे आत्येनेही कधी शिकवले नव्हते.

"भाईंनू, तुमचो खरो आसा," तो म्हणाला. "माझो खोटो. लाकडाचो आसा. मी रंगयलंय."

सारा मंडप हसला. भाई मात्र संतापले. "माका खिजवतंस? गरिबी दाखवन थोरवी मिरवतंस? लाकूड म्हणता! लाकूड तर घाल तळयेत!"

"घालतंय," सत्यवान म्हणाला.

सारे गाव देवळाच्या तळीवर लोटले. सत्यवानाने राखणदार अलगद पाण्यात सोडला. तो बुडी मारून वर आला, एकदा लवंडला आणि उताणा, तलवार उगारून तरंगू लागला.

"बघा," सत्यवान म्हणाला. "लाकूड."

कुणीच ऐकले नाही. शिवा गुरवाने गुडघे टेकले होते. "पितळ तराला!" तो ओरडला. "व्हय म्हाराजा!" आणि सारी तळी दणाणली: "व्हय म्हाराजा!"

"अरे, लाकूड तरांगतलाच!"

"गप रे," भिकाजीने त्याला दटावले. "तुका काय कळता?"

आता सहाजणांना राहणे शक्य नव्हते. पहिला मान भाईंचा, म्हणून पहिला त्यांनी टाकला. डुबुक्. बुडबुडे आले, राखणदार आला नाही. दुसऱ्या घराने मान हलवली. भाईंच्या पितळेबद्दल त्यांना पूर्वीपासूनच शंका होती. आपल्याबद्दल नव्हती, म्हणून त्यांनी निर्धास्तपणे टाकला. डुबुक्. चौथा हसला आणि त्याने टाकला. असे प्रत्येकजण आधीच्याच्या बुडण्याने अधिकाधिक खात्री पटून टाकत गेला. शेवटी भिकाजी उरला. त्याला मनातून कळून चुकले होते. पण न टाकणे म्हणजे कबुलीच. त्याने डोळे मिटून टाकला. तळीत माणूसभर चिखल, आणि पूर्वी गाळ काढायला उतरलेल्यांची फावडीसुद्धा तिने परत केलेली नव्हती.

ओलेत्या राखणदाराला घेऊन गाव मंडपात परतले तेव्हा कुणाला कुणाकडे बघवत नव्हते. सहा मानकऱ्यांचे हात रिकामे होते. शिवा गुरवाने सत्यवानाचा हात धरला. "ठेव, पयल्या जाग्यार ठेव. आता तूच पयलो."

"नि शेवटचोय मीच," सत्यवान खिन्नपणे म्हणाला.

त्याच वेळी बायकांच्या बाजूने काशीबाई आत्येचा आवाज आला. "हात लाव नको पयल्या जाग्याक! ती भाईंची. आमची तिसरी. कोणाचा खाल्ला नाय, आमचा कोणाक दिला नाय."

"पण आत्ये, ओळीत एकच आसा."

"एक आसा म्हणान तो तिसरो जायना झालो?"

सत्यवानाने पुढे दोन जागा सोडल्या, मागे चार सोडल्या आणि राखणदार ठेवला. मग भाई गावकार आले आणि काहीच नसलेल्या पहिल्या जागेमागे ताठ उभे राहिले. हनुवटी वर आली होती. दुसरे घर दुसऱ्या जागेमागे उभे राहिले. चौथा, पाचवा, सहावा. भिकाजीही शेवटी भावासह आला.

शिवाने सातही घरांची नावे घेऊन देवाला गाऱ्हाणे घातले. तीर्थ आधी भाईंना दिले, मग दुसऱ्या घराला, मग सत्यवानाला. काशीबाई आत्येने तिकडून नीट मोजले आणि पदर सारखा केला.

भाई ओळीकडे तिरप्या डोळ्याने बघत होते. पहिली जागा रिकामी असली तरी तिला हद्द होती.

"सत्यवाना," ते हळूच म्हणाले, "तुझो वायच फुडे ईलोहा. मागे घे."

सत्यवानाने वाकून राखणदार बोटभर मागे सरकवला.