धोंडूच्या चालीतलं पाणी

आमच्या वाघजाई बेंजो पार्टीची एकच कॅसेट निघाली, आणि तिच्यात माझी बायको ओरडली आहे.

शेवंती, म्हणजे माझी बायको, पार्टीत नव्हती. पार्टीत मी होतो. मी झांज वाजवतो. संपानंतर गिरणी सुटली आणि मी मरोळला कंगव्यांच्या कारखान्यात लागलो, पण झांज सोडली नाही. बेंजो धोंडू वाजवतो. तो वाकोल्याला आमच्याच चाळीत राहतो, माझ्या खोलीपासून दोन दारं सोडून. ढोल-ताशाची माणसं बदलत असतात.

त्या वेळी सगळ्या बेंजो पार्ट्या सिनेमाची गाणी वाजवायच्या. धोंडूला ते पटत नसे. तो म्हणायचा, "दुसऱ्याची गाणी वाजवायला आपण काय रेडिओ आहोत?" त्याने स्वतःची एक चाल बांधली होती. चाल चांगली होती. सुरुवातीला हळू, मग चढत जायची आणि शेवटी एकदम खाली यायची. पण हळदीला वाजवायला घेतली की लोक नाचायचे थांबायचे. म्हणायचे, "धोंडू, ओळखीचं वाजव ना यार." धोंडू म्हणायचा, "ऐकलंस की ओळखीचं होईल." कुणी ऐकत नसे.

म्हणून त्याने कॅसेट काढायचं ठरवलं. त्याच्या मेव्हण्याने मस्कतहून टेप आणला होता, आणि त्याच्याबरोबर एक कोरी जपानी कॅसेट. माझी खोली चाळीच्या टोकाला, म्हणून रेकॉर्डिंग माझ्याकडे. भिंतींना गोधड्या टांगल्या, दार बंद केलं. शेवंतीला बाहेर पायरीवर बसवलं, कुणाला आवाज करू देऊ नको म्हणून. ती तांदूळ निवडत बसली आणि सगळ्यांना गप्प करत होती. तरी एकदा भंगारवाला आला, एकदा कुणाची तरी कोंबडी आली, एकदा मीच शिंकलो. प्रत्येक वेळी धोंडू कॅसेट मागे घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा.

शेवटी एकदा छान जमलं. चाल चढत चढत वर गेली, आता खाली यायची, आणि नळाला पाणी आलं.

आमच्या चाळीला नळ एक आणि पाण्याला वेळ नाही. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी नाहीच. पाणी आलं की जिला कळेल तिने ओरडायचं, हा चाळीचा नियम. शेवंती रेकॉर्डिंग विसरली. दारावर थाप मारून ओरडली, "अहो, पाणी आलं, पाणी आलं, भांडी घ्या गं."

"अहो" झाल्यावर माझी एक झांज चुकली आहे. मी दाराकडे बघितलं होतं. पण धोंडू थांबला नाही, चाल खाली आणूनच सोडली. नंतर शेवंतीला म्हणाला, "वहिनी, वाट लावलीत." ती म्हणाली, "मग पाणी घालवायचं होतं काय?"  तशी चाल परत जमेना, म्हणून तेच ठेवलं.

घाटकोपर स्टेशनच्या बाहेर अंबादासचं कॅसेटचं दुकान होतं. दोन मशीन शेजारी ठेवून तो एकीवरून दुसरीवर कॅसेटा उतरवायचा. त्याने आधी नाही म्हटलं. "सिनेमाचं नाही, देवाचं नाही, घेणार कोण?" मग धोंडूचं तोंड बघून थोड्या उतरवून दिल्या. दारावरची थाप त्याला खराबी वाटली, म्हणून तिथे त्याने आवाज बारीक केला आणि "पाणी"च्या वेळी परत मोठा केला. त्यामुळे लोकांकडे जी कॅसेट गेली तिच्यात "पाणी आलं" आहे, "अहो" नाही. "अहो" फक्त मूळ जपानी कॅसेटमध्ये, आणि ती धोंडूकडे.

पहिल्यांदा ती वाकोल्यालाच एका हळदीत लावली. चाल चालू होती, कुणाचं लक्ष नव्हतं. शेवंतीचा आवाज आला आणि मांडवातल्या अर्ध्या बायका उठून पळाल्या. हाताला हळद तशीच. नवरीची आत्या तर दुसऱ्याच्या घरची कळशी उचलून धावली. नवरी एका गालाला हळद लावून एकटी बसली होती. बायका नळावरून शिव्या देत परत आल्या, आणि म्हणाल्या, परत लाव, आता ज्या आल्या नव्हत्या त्या पळतील.

तिथून कॅसेट चालली. खारदांड्याला म्हणे कोळणी मासळीच्या टोपल्या खाली ठेवून धावल्या. आमच्या शेजारची जानकी मालवणकडची, ती स्वतः प्रत्येक वेळी उठायची. मी एकदा म्हटलं, "जानकीवहिनी, कॅसेट आहे ती. आवाज शेवंतीचा, शेवंती तुमच्या बाजूला बसली आहे."

"कॅसेट असली म्हणान काय झाला, भावजी? इला असला तर?"

 शेवंती स्वतः सुद्धा एकदा उठली होती.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी शेवंती गेली. कावीळ झाली. उतरली असं वाटलं, आणि गेली.

आमच्या चाळीत लोकांनी कॅसेट लावायचं बंद केलं. पण बाकीच्यांना काय माहीत. मी बाजारात कांदे घेत असायचो आणि पानाच्या दुकानातून शेवंती सांगायची, पाणी आलं. मी कांदे तिथेच ठेवून घरी यायचो. नळ कोरडा असायचा. कांदेवाला मग माझी पिशवी बाजूला ठेवायला शिकला.

त्या उन्हाळ्यात मुलुंडचं प्रकरण झालं. तिथल्या एका चाळीला बरेच दिवस पाणी नव्हतं. तिथे एका बारशाला कॅसेट लागली. बायका सवयीने धावल्या. रस्त्यावर पाण्याची चावी फिरवणारा माणूस चहा पीत होता. त्याने "पाणी आलं" ऐकलं, बायका धावताना बघितल्या. त्याला वाटलं, आपल्या आधी दुसऱ्याच कुणी चावी फिरवली. तो बशी तशीच टाकून बघायला गेला, चावी बंद होती, म्हणून त्याने घाईघाईने उघडली. पाणी आलं.

त्यानंतर आम्हाला लग्नाची बोलावणी कमी आणि पाण्याची जास्त यायला लागली. भांडुप, मुलुंड, बोरिवली. लोक आम्हाला टाकीसमोर उभे करायचे. बेंजोला हार घालायचे, मग नळाला हार घालायचे. आणि वाजवून झालं की धोंडूकडे न बघता नळाकडे बघायचे. एकदा पाणी आलं नाही तर एक म्हातारा धोंडूला म्हणाला, "जरा जोरात वाजव, तिसऱ्या माळ्यापर्यंत चढत नाही."

 चाळीत परत आल्यावर धोंडू म्हणाला, "सहदेव, मी वाजवणारा आहे का पाणक्या?"

"वाजवणारा."

"मग माझी चाल कुणी ऐकली? सांग ना. वहिनींचा आवाज ऐकतात. वहिनी गेल्या, मला वाईट वाटतं, तुझ्यापेक्षा कमी नाही म्हणणार मी. पण गाणं माझं आहे. मी ते परत भरणार. बिनपाण्याचं."

"कशावर भरणार?"

"त्याच जपानी कॅसेटवर. इथल्या कॅसेटवर बेंजो पत्र्यासारखा लागतो. आणि मूळ पुसलं की भानगड मिटली."

मी म्हटलं, "त्याच्यात अहो आहे."

"माहिती आहे."

"ते दुसरीकडे कुठे नाही."

तो म्हणाला, "माझी चाल पण दुसरीकडे कुठे नाही."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणून मला भांडता आलं नाही. मी अंबादासकडे गेलो. वाटलं, तो अडवेल. त्याने अर्धंच अडवलं. धोंडूला म्हणाला, "बाईचा आवाज काढून टाकलास तर घेणार कोण? दुसरी बाई घे. चाल पूर्ण संपू दे, मग ओरडू दे." धोंडू तयार झाला. आणि बाई निवडायला मला बसवलं, कारण मूळ आवाज मला माहीत.

रविवारी चाळीतल्या बायका माझ्या दारात रांग लावून उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात बादली. अंबादास म्हणाला, "बादली कशाला? नुसतं ओरडायचं आहे."

जानकी म्हणाली, "रिकाम्या हातान कसा आरडू, मेल्या? आतून येवक नको?"

पहिली ओरडली तशी मागच्या चाळीतल्या बायका हंडे घेऊन आल्या. त्यांना समजावून परत पाठवलं. दुसरी ओरडली, त्या परत आल्या. तिसऱ्या वेळी त्या गेल्याच नाहीत, तिथेच बसल्या आणि कोण कशी ओरडते ते सांगायला लागल्या. चंपाचा आवाज फार गोड, पाणी पाहुण्यासारखं आलं असं वाटतं. रुक्मिणीचा आवाज आग लागल्यासारखा. मी सगळ्यांना नाही म्हटलं.

धोंडू वैतागला. "काय कमी आहे ते तरी सांग."

"त्या सगळ्यांना बोलवतात रे," मी म्हटलं. "मला कुणी बोलवत नाही."

धोंडूने मान खाली घातली. मग म्हणाला, "जानकीवहिनी ओरडतील. पुढच्या रविवारी भरू. झांज तू वाजवणार ना?"

मी हो म्हटलं. पार्टीत झांज मीच वाजवतो.

पुढच्या रविवारी परत गोधड्या टांगल्या. शेवंतीने शिवलेल्याच गोधड्या. अंबादास पण आला होता, त्याने एक साधी कोरी कॅसेट बरोबर आणली होती, लागली तर असावी म्हणून. धोंडूने जपानी कॅसेट टेपात घातली. मी म्हटलं, "पुसायच्या आधी एकदा लाव."

त्याने लावली. आम्ही सगळे बसून ऐकत होतो. चाल हळू सुरू झाली, चढत गेली. मग दारावर थाप पडली आणि शेवंती म्हणाली, "अहो."

तिथे माझी झांज नव्हती. मग "पाणी आलं."

मी उठलो. ठरवलं असं काही नव्हतं. कोपऱ्यातला हंडा घेतला, दार उघडलं आणि नळावर गेलो. माझ्या मागे जानकी आली, तिच्या मागे बाकीच्या आल्या. नळ कोरडा होता. रांग लागली. मी पहिला.

थोड्या वेळाने धोंडू आला. "सहदेव, चल. सगळे थांबलेत."

"माझा नंबर लागलाय."

"कसला नंबर? कॅसेट होती ती. तुझ्यासमोर मी बटण दाबलं."

"आलं असलं तर?"

जानकी म्हणाली, "बघा, भावजी. आता कसे बोललात."

धोंडू कपाळाला हात लावून उभा राहिला. मी नंबर सोडणार नाही आणि झांजेशिवाय तो भरणार नाही, हे त्याला कळलं. तो परत गेला. मला वाटलं, आता रागाने पुसेल. नळाजवळून माझी खोली दिसत होती. आत कुणीतरी हललं. मी हंडा तिथेच ठेवून धावलो असतो, पण नंबर गेला असता. तेवढ्यात धोंडू स्वतःच्या खोलीतून बाहेर आला. त्याच्या हातात त्याच्या घरची बादली होती. तो रांगेत सगळ्यात मागे उभा राहिला.

"तू कशाला?" रुक्मिणीने विचारलं.

"तुम्ही सगळे उभे आहात," तो म्हणाला. "उद्या खरंच आलं तर मी बसेन तसाच."

ऊन होतं. पाणी येत नव्हतं. उभं राहून राहून जानकी गुणगुणायला लागली. मी आधी लक्ष दिलं नाही. मग कळलं, ती धोंडूची चाल गुणगुणत होती. हळू सुरू केली, तशीच चढवत नेली. चंपाने कळशीवर बोटांनी ताल धरला. मागच्या चाळीतल्या बायका पण गुणगुणायला लागल्या. वर गेल्यावर सगळ्या थांबल्या, कुणी काही ओरडलं नाही, शेवंती ओरडायची तेवढा वेळ जाऊ दिला, आणि मग चाल खाली आणली. एकीचा पण सूर चुकला नाही.

धोंडू रांग सोडून पुढे आला. "ही तुम्हाला येते?"

जानकी म्हणाली, "येतली नाय तर काय? शेवंती खंयच्या वेळाक आरडता ता कळूक नको? पयल्यापासून कान देवचो लागता."

"पूर्ण?"

"अर्धा ऐकान पाणी गावता काय रे?"

 धोंडू माझ्या खोलीत गेला आणि जपानी कॅसेट घेऊन आला. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पाकळ्या असतात. त्या तोडल्या की तिच्यावर परत काही भरता येत नाही. बेंजो छेडायची नखी त्याच्या खिशात होती. तिने त्याने दोन्ही पाकळ्या तोडल्या आणि कॅसेट माझ्या हंड्यात टाकली.

अंबादास म्हणाला, "वरून कागद चिकटवला की परत भरता येते. तसं काही नाही." त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

तेवढ्यात नळ फुसफुसला. आधी नुसती हवा आली. सगळे एकमेकांकडे बघत राहिले, कुणी भांडं पुढे करेना.

"हे कॅसेटमध्ये नाही," धोंडू म्हणाला.

मग मी घाईघाईने हंड्यातून कॅसेट काढली, खिशात घातली आणि हंडा नळाखाली लावला. पाणी गढूळ आलं, मग स्वच्छ झालं. मागे ओरडायचं कुणाला सुचलंच नाही. सगळ्याच रांगेत होत्या.

हंडा भरून घरी आणला. ठेवायला नीट जागा नव्हती, खोलीभर गोधड्या लोंबत होत्या. एक गोधडी बाजूला करून तो त्याच्या जागेवर ठेवला. माझ्याकडे स्वतःचा टेप नाही. कॅसेट शेवंतीच्या तांदळाच्या डब्यात ठेवली, तिथे ओल लागत नाही.

गोधड्यांच्या पलीकडून अंबादासची साधी कॅसेट धोंडूने टेपात घातल्याचा आवाज आला. बेंजो पत्र्यासारखा लागणार होता, तरी त्याने तीच घातली.

"सहदेव," तो म्हणाला, "झांज घे. चल."

मी म्हटलं, "आलो."