थांबवून ठेवलेला मेल

गुहा धुंडाळणाऱ्यांच्या क्लबची ईमेल-यादी इवेलिस चालवायची. आरेसिबोतल्या तिच्या घरी, शिवणयंत्राशेजारी एक जुना संगणक सतत घुरघुरत असे. यादीच्या पत्त्यावर कुणी मेल टाकला की तो तिथून सगळ्या सभासदांना जायचा. मोहिमा तिथेच ठरत, जुने दोर-दिवे तिथेच विकले जात आणि भांडणंही तिथेच होत.

त्या वर्षी जुंपली ती तिच्या धाकट्या भावाची, गामालिएलची, आणि एफ्राइनची. एफ्राइन निवृत्त सर्वेअर, उतुआदोच्या डोंगरात एकटे राहणारे, तोंडाचे फटकळ. त्यांनी गामालिएलच्या नकाशाला सगळ्यांदेखत 'पोराटोरांची चित्रकला' म्हटलं. गामालिएलने उलट त्यांच्या म्हातारपणावरून नको नको ते लिहिलं. घसरले दोघंही सारखेच. पण इवेलिसने लगाम घातला तो एकट्या एफ्राइनना. त्यांचा प्रत्येक मेल आधी तिच्याकडे थांबणार, ती वाचून सोडेल तेव्हाच पुढे जाणार.

शनिवारी सकाळी ती कॉफी घेऊन संगणकापाशी बसली. थांबलेल्या मेलांमध्ये, जाहिरातींच्या कचऱ्यात, एफ्राइनचा एक मेल होता. गुरुवारचा. काल तिने नाव पाहिलं होतं आणि 'आले परत शिव्या घेऊन' म्हणत तसंच सोडून दिलं होतं. आता उघडला.

'वरच्या धरणात पाणी फार झालंय. शनिवारी सकाळी दरवाजे उघडणार, असं गावात भोंग्यावरून सांगत फिरतायत. नदीची गुहा भरेल. कुणीही जाऊ नका.'

गामालिएल पहाटेच सहा जणांना घेऊन त्याच गुहेकडे निघाला होता.

तिने भावाचा मोबाइल लावून पाहिला. लागला नाही, त्या डोंगरात तो कधीच लागत नसे. मग तिने एफ्राइनच्या घरी फोन केला.

"मी इवेलिस. एफ्राइन, ते लोक गुहेत गेलेत."



"मी लिहिलं होतं."

"मी आत्ता वाचलं."

"आत्ता? अगं, परवा लिहिलंय मी! तुझ्या त्या यंत्राने मलाच कळवलं, तुमचा मेल परवानगीसाठी थांबलाय म्हणून. म्हटलं, सख्ख्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे, ही बाई वाचेल तरी! मी समजून चाललो की बेत रद्द झाला."

"हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण नंतर. गुहेच्या छताला ते भोक आहे ना, त्यातून उतरता येईल?"

"येईल. शेजाऱ्यांना उठवतो. तू बचाव पथकाला कळव आणि नीघ."

वळणावळणांच्या त्या रस्त्यावर तिने गाडी कशी हाकली, तिचं तिला ठाऊक. पुलावरून जाताना खाली नजर गेली. नदी मातकट झाली होती, अख्खी केळीची झाडं वाहत चालली होती.

भोकापाशी पोचली तेव्हा एफ्राइन दोराला लटकून आत उतरलेसुद्धा होते. वर दोन शेजारी दोर धरून उभे होते. पथकाचा पत्ता नव्हता. खालून पाण्याचा घोंघावता आवाज येत होता, माणसाचा मात्र नाही.

"गामालिएल!" ती आत तोंड घालून ओरडली.

"बाई, ओरडू नका, धरा इथे," एक शेजारी म्हणाला.

तिने धरला. बराच वेळ दोर सैलच राहिला. मग एकदम ताणला गेला आणि तिघांनी मिळून ओढला. पहिली एक मुलगी वर आली, ओठ निळे पडलेले. मग एकेक जण. पाणी चढत गेलं तशी ती मंडळी भोकाखालच्या कपारीत दाटीवाटीने उभी राहिली होती. एफ्राइनची शिट्टी ऐकू आली तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. गामालिएल सहाव्यानंतर आला, पायात एकच बूट. शेवटी एफ्राइन.

धापा टाकत गामालिएलने विचारलं, "तुम्हाला कळवलं कुणी?"

"तुझ्या बहिणीनं," एफ्राइन म्हणाले.

"नाही," इवेलिस म्हणाली. सगळे ऐकत होते. "यांनी परवाच लिहिलं होतं. मी नाव बघितलं आणि मेल उघडलाच नाही."

गामालिएल उठून गाडीकडे गेला.

घरी आल्यावर तिने तो मेल जसाच्या तसा यादीवर सोडला आणि खाली स्वतःची चूक लिहिली. काहींनी रागाने यादी सोडली. उरलेल्यांनी ठरवलं की यापुढे मेल थांबवायचा तर दोघींनी पाहायचा, आणि तिच्या जोडीला दातांची एक डॉक्टर दिली. एफ्राइननी यादीवर परत यायला साफ नकार दिला. "काही असलं तर फोन करीन, आणि तू उचल," एवढंच म्हणाले.

गामालिएल कित्येक रविवार जेवायला आला नाही. आला तेव्हा बागेतली केळी घेऊन आला, टेबलाशी बसला आणि बराच वेळ बशीतला भात चिवडत राहिला.

"माझेही मेल अडवायला हवे होतेस," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि त्याला आणखी घेवडा वाढला.