बॉनेटखालचं नाव

कमळाकर मिस्त्रीच्या पोटात दुखायला लागलं ते भांडी घासायच्या सिंकमुळे.

आता इंजिनाचा मिस्त्री आणि सिंक यांचा संबंध काय, असं कोणीही विचारेल. सांगते, ऐका. एक्क्याण्णव साली पनवेलचे कृष्णकांतकाका नोकरीतून रिटायर झाले आणि त्यांनी लिलावातली एक जुनी बस विकत घेतली. तिच्यात पलंग, ओटा, न्हाणीघर सगळं बसवायचं आणि कुमुदकाकूंना घेऊन देशभर हिंडायचं, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. काकांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी बस आणून गोवा रोडच्या कडेच्या आवारात उभी केली. तिथे दाऊदची बॉडी बांधायची शेड आणि कमळाकरचा गाड्यांखाली उतरायचा खड्डा, दोन्ही एकमेकांना लागून होते. वरचं घर दाऊदने करायचं, खालचं इंजिन कमळाकरने. वाटणी अगदी सरळ होती.

कमळाकर सुकापूरचा. कामाला वाघ, पण तोंडाने अबोल. त्याने इंजिन पार खोललं. लायनर-पिस्टन बदलले, क्रँक घासून आणला, गिअरबॉक्समधली बेअरिंगं काढून नवी ठोकली. काकांना घाट चढायचे होते, म्हणून मागच्या एक्सलमधला क्राऊन-पिनियन बदलून असा घातला, की गाडी पळेल थोडी कमी, पण अख्खा संसार घेऊन चढ चढेल. डिझेलचे पाइप त्याने स्वतः वाकवून असे ओळीत बसवले, की बघणाऱ्याने बघत राहावं. पण बघतो कोण?

दाऊदने आत सनमायका लावला. दिवसा सोफा आणि रात्री पलंग होणारं बाकडं केलं. त्याच्या बायकोने, हुस्नबानोने, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे शिवून दिले. आणि ओट्यात बसवलं ते स्टीलचं सिंक. नळ सोडला की खरोखर पाणी यायचं. झालं. निम्मं पनवेल लोटलं बघायला. लोक चपला काढून आत चढत, नळ सोडत, बंद करत, आणि "वा दाऊदभाई, मानलं" म्हणत खाली उतरत. बसखालून कमळाकरचे पाय बाहेर आलेले असायचे. लोक ते ओलांडून जायचे. एका बाईने तर "जरा पाय आत घ्या हो" असंही सांगितलं.

कमळाकरने पाय आत घेतले. अंगाचा तिळपापड होत होता, पण बोलणार काय?

त्यातून एक दिवस त्याची बायको भामा बस बघून आली. रात्री भाकरी वाढता वाढता म्हणाली, "काय सिंक बसवलाय त्या दाऊदनं. आपल्याकडं बसंल का वो तसा?"

"आनि इंजिन?"

"इंजिनात काय बगायचं? काळं तर असतं."

त्याने अर्धी भाकरी ताटातच ठेवली. पाणी पिऊन तो उठला.

खरं सांगायचं तर सिंक हे नुसतं निमित्त होतं. दुखणं जुनं होतं. गाडी बांधून झाली की बॉडीवाल्याचं नाव तिच्या पाठीवर रंगवायचं, अशी या धंद्यात रीत आहे. 'दाऊद बॉडी वर्क्स, पनवेल' अशी पिवळी अक्षरं मिरवत कितीतरी गाड्या या आवारातून बाहेर पडल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात कमळाकरचं इंजिन होतं. इंजिनवाल्याचं नाव लिहायची रीत नाही. कोणी म्हणेल, नावात काय ठेवलंय. ज्याचं नाव लिहिलं जातं त्यालाच असं म्हणणं परवडतं. एका तरी गाडीवर आपलं नाव असावं, एवढीच कमळाकरची भूक होती, आणि मागायची लाज वाटत होती.

वर आणखी कुमुदकाकूंना ड्रायव्हरशेजारचं इंजिनाचं बॉनेट डोळ्यांना बरं दिसेना. दाऊदने लगेच जाड फोमची गादी केली, तिला मरून रेक्झिन चढवलं आणि चार पट्ट्यांनी बॉनेटवर आवळून टाकली. वर दोन माणसं ऐसपैस बसतील. कमळाकरच्या सगळ्या कामावर दाऊदची गादी बसली. आता मात्र त्याचं डोकं फिरलं.

पहिली फेरी चिरनेरच्या गणपतीला काढायची ठरली होती. काकांचे पाहुणेरावळे, दाऊद, कमळाकर, सगळ्यांना आमंत्रण होतं. आदल्या संध्याकाळी आवारात कोणी नाही असं बघून कमळाकरने गादी बाजूला केली आणि डिझेल फिल्टरवरचा एक बोल्ट थोडासा ढिला केला. त्यातून इंजिन हवा ओढणार, म्हणजे मिस्त्री लोक म्हणतात तसं एअर घेणार, आणि चढावर बंद पडणार. नुकसान काडीचं नाही. हवा काढली, बोल्ट आवळला की पुन्हा चालू. पण तेवढ्यासाठी सगळ्यांना खाली उतरावं लागेल, ती गादी काढावी लागेल आणि सगळे वाकून इंजिन बघतील. कुमुदकाकू म्हणतील, कमळाकर होता म्हणून बरं. या एका वाक्यावर त्याला त्या रात्री छान झोप लागली.

सकाळी तो मागच्या सोफ्यावर हत्यारांची पेटी पायांत धरून बसला. काका स्वतः गाडी चालवत होते. पळस्पे गेलं. गाडी चालतेय. पहिला चढ आला, कमळाकर सरसावून बसला. गाडी चढ चढून गेली. दुसराही चढली. इंजिनाने एकदाही आचका दिला नाही की धूर काढला नाही. स्वतःच्याच इंजिनाचा राग यावा, असा प्रसंग त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला.

"इंजिन चालू आहे की नाही, तेच कळत नाही," कुमुदकाकू गादीवर हात फिरवत म्हणाल्या. "दाऊदभाई, तुमच्या गादीने आवाज कसा गिळून टाकला बघा."

पाहुण्यांनी मान डोलावली. दाऊद काहीतरी बोलायला गेला, पण तेवढ्यात त्याच्या हातात लाडू आला. मागे बसून कमळाकर जळत होता. गणपतीपुढे हात जोडले तेव्हासुद्धा त्याच्या मनात देव नव्हता, बोल्ट होता.

दुपारी काका-काकूंसकट मंडळींना घरी सोडून दोघं बस घेऊन आवारात परत आले. मागचं नाव रंगवायचं राहिलं होतं आणि गणू पेंटर डबा घेऊन आलेला होता. दाऊदने कमळाकरला बाजूला घेतलं.

"तुझ्या फिल्टरचा एक बोल्ट ढिला होता," तो हळूच म्हणाला. "सकाळी माझ्या नव्या मॅटवर डिझेल सांडलेलं दिसलं. मी गादी काढून आवळला. कुणाला बोललो नाही. घाईत राहिला असेल. होते गलती, तू पण माणूस आहेस."

बाकी सगळं कमळाकरने गिळलं असतं. पण एका सुताराने त्याच्या बोल्टाला माफी द्यावी? तीही ढिलाईची?

"घाईत?" तो म्हणाला. "माझ्या हातून बोल्ट ऱ्हात नाय, दाऊद. मी ढिला केला. मुद्दाम."

दाऊदने विचारलं, "का?"

"कोन माझं इंजिन बगत नाय म्हनून."

बोलून झाल्यावर ते त्याचं त्यालाच पोरकट वाटलं. दाऊद हसला असता तरी बरं झालं असतं. तो सरळ बसच्या मागच्या बाजूला गेला, म्हणून कमळाकरही त्याच्यामागे गेला. गणूने खडूने दोन ओळी आखून ठेवल्या होत्या. वर 'बॉडी – दाऊद, पनवेल'. खाली 'इंजिन – कमळाकर, सुकापूर'.

"दाऊदभाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं," गणू म्हणाला. "मिस्त्री, तुमचं नाव पण पिवळंच घेऊ ना?"

 कमळाकरने खांद्यावरचं फडकं काढलं आणि खालची ओळ पुसायला हात पुढे केला. दाऊदने तो हात धरला.

"गणू, तू चहा पिऊन ये," तो म्हणाला. मग आत जाऊन त्याने चारी पट्टे सोडले, गादी उचलून बाहेर ठेवली, बॉनेट उघडलं आणि शेडमधून स्टूल आणून इंजिनाला लागून बसला.

"पाना घे. पहिल्यापासून एकेक बोल्ट माझ्यासमोर आवळ. काका-काकू रोज यात झोपणार आहेत. तुझं नाव लिहायचं की नाही, ते नंतर बघू."

कमळाकर गुडघ्यावर बसला. ओळीत बसवलेले पाइप, घासूनपुसून लख्ख केलेला पंप, सगळं उन्हात उघडं पडलं होतं. कोणीतरी असं बसून आपलं इंजिन बघावं, म्हणून त्याचा इतके दिवस जीव तुटत होता. आता दाऊद बसला होता, पण त्याची नजर इंजिनावर नव्हती, कमळाकरच्या हातांवर होती.

"हा झाला," कमळाकर म्हणाला आणि पुढच्या बोल्टाकडे वळला. दाऊदने त्याच्या हातातून पाना घेतला आणि तो बोल्ट स्वतः एकदा आवळून बघितला.