उतरवायची राहिलेली दोरी

मित्रांनो, मी एक जुना कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य आहे. माझ्या कुळातल्या थोरांनी राज्यं जिंकली, राक्षस लोळवले. मी मात्र मंठ्याच्या मुबारक मिस्त्रींच्या दुकानात, शिडी करून उरलेल्या बांबूतून निघालो. आणि जुना म्हणजे चौदा महिन्यांचा. आमच्यात म्हातारपण लवकर येतं. चांगल्या घरी पडलं की आणखी लवकर.

माझे मालक आदिनाथ सर बदनापूरला कॉलेजात इतिहास शिकवतात आणि शनिवारी गावी येतात. गावी त्यांचे वडील, रखमाजी. त्यांनी तरुणपणी कामठ्याने रानडुक्कर मारलं होतं. त्या घरात रीतच आहे, की डुक्कर मारणाऱ्याला घरातल्या वडीलधाऱ्याने गावासमोर फेटा बांधायचा. फेट्यातल्या रखमाजींचा फोटो भिंतीवर आहे. त्याच्या शेजारचा खिळा चाळीस वर्षं रिकामा होता.

गेल्या साली डुकरांनी मका आडवा केला. सरांनी परवानगीचा कागद करून घेतला, मला बनवून घेतलं आणि जालन्याहून लाल फेटाही आणून ठेवला. वय बेचाळीस, शिकार पहिलीच.

मला घरी पोचवताना मुबारक मिस्त्री रखमाजींना म्हणाले, "काका, काम झालं की दोरी उतरवायची, बराबर? चढवूनच ठेवली तर बांबू मोडत न्हाई, पण त्याचा जीव जातो. सरांला सांगा."

"मला शिकवतो का रे?" रखमाजी म्हणाले. सरांना त्यांनी काही सांगितलं नाही.

पण माझी काळजी घेतली. रविवारी सर गेले, की म्हातारा काठी टेकत यायचा, दोरी उतरवायचा, मला तेल चोळायचा आणि शनिवारी गाडी यायच्या आत पुन्हा दोरी चढवायचा. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

सर भुसकटाच्या पोत्यावर सराव करायचे. सुरुवातीला बाण गोठ्याच्या पत्र्यावर वाजायचे. रखमाजी बाजेवरून म्हणायचे, "सर, म्हशीला तास घेऊन राह्यले का?" सर हसायचे, पण कान लाल व्हायचे. बोटांची सालं निघाली तरी ते थांबले नाहीत. भादव्यातल्या एका रविवारी वीस पावलांवरून पाचही बाण पोत्यात घुसले, एक तर आरपार. वंदनाताई, म्हणजे सरांच्या पत्नी, टाळ्या वाजवायला लागल्या. सरांनी बाजेकडे पाहिलं.

"पोतं पळत न्हाई," रखमाजी म्हणाले. मग किती तरी वेळ ते भिंतीवरच्या फोटोकडे पाहत बसले.

त्या रात्री माझी दोरी कुणी उतरवली नाही.

घटस्थापनेला वंदनाताईंनी मला देवघरात मांडलं. दोरी ताणलेली, हळद-कुंकू लावलेलं, झेंडूची माळ. दोघं बदनापूरला परतले. रोज सकाळी रखमाजी माझ्यापुढे हात जोडायचे, ताजं फूल वाहायचे आणि एका बोटाने दोरी छेडायचे. पहिल्या दिवशी ती टणत्कारली. पाचव्या दिवशी नुसती बोलली. नवव्या दिवशी तिने खाकरल्यासारखं केलं. रखमाजींनी मान डोलावली आणि प्रसाद खाल्ला.

दसऱ्याला सरांनी मला ओढून पाहिलं. चेहरा उजळला. "आण्णा, दोरी एकदम हलकी लागून राह्यली! दंडात ताकद आली वाटतं."

"आली असंल," रखमाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना निम्मं गाव बांधावर जमलं. वंदनाताईंच्या हातात फेट्याची पिशवी होती. मक्यातून डुक्कर बाहेर आलं, बारा पावलांवर, अगदी आडवं. सरांनी श्वास रोखला, नेम धरला. नेम बरोबर होता, हे मी शपथेवर सांगतो. बाण निघाला, डुकराच्या खांद्याला कुणी हटकल्यासारखा टेकला आणि खाली पडला. डुकराने आधी बाणाकडे पाहिलं, मग सरांकडे.

सरांची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली.

आठ दिवसांनी मुबारक मिस्त्री भेटायला आले. त्यांनी मला हातात घेतलं, दोरी सोडली. मी तसाच वाकलेला राहिलो. "हा तर मेला," ते म्हणाले. "काका, दोरी उतरवायची म्हणलो होतो न मी?"

खाटेवरून सरांनी विचारलं, "आण्णा, तुमाला माहीत होतं?"

"ह्याला सोताहून कळतं का, ते पाहून राह्यलो होतो," रखमाजी म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या भिंतीवर फोटो होता.

मित्रांनो, आता माझ्यावर दोडक्याचा वेल चढवला आहे. तुमच्या घरात कुणी ताणलेलं असेल, तर वेळेवर त्याची दोरी उतरवा. नुसती फुलं वाहू नका.

ते डुक्कर दिवाळीआधीच मेलं. मंठ्याच्या बाजाराला सोयाबीन नेणाऱ्या ट्रॅक्टरखाली आलं. रखमाजींनी रीत मोडली नाही. चावडीपुढे गाव जमवून त्यांनी ट्रॅक्टरवाल्या कडूबाला स्वतःच्या हाताने फेटा बांधला. फेटा लाल होता, जालन्याचा.

दोन शब्द बोल म्हटल्यावर कडूबा म्हणाला, त्याला तो गतिरोधक वाटला होता.