आठ नंबरच्या खडकावरची मोजणी

आठ नंबरचा खडक बंद ठेवायचा ठराव रोसेंदा आर्सेने मच्छीमार संस्थेच्या आमसभेत मांडला, तेव्हा पहिली शिवी हासडली ती तिच्या सख्ख्या मामानेच. त्या वर्षी समुद्राचं पाणी तापलं होतं आणि पुंता सोलेदादच्या किनाऱ्यावर अबुलोनच्या, त्या खडकाला चिकटून राहणाऱ्या महागड्या शिंपल्याच्या, रिकाम्या कवचांचा खच पडला होता. जितं जे काही उरलं ते आठ नंबरवर. आणि ही पोरगी, संस्थेच्या पगारावर मोजणी करणारी, म्हणत होती की नेमका तिथेच हात लावायचा नाही.

"मग आम्ही काय वाळू फाकायची?" मकारिओमामा ओरडला. चाळीस वर्षं पाण्याखाली काढलेला माणूस, त्याच्या शब्दाला गावात वजन.

"उरलेली माणशी चार-चार वाटून घ्या मामा, मग वाळू आहेच."

ठराव तीन मतांनी निसटता पास झाला. वर्षभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. पाणबुड्यांनी शेवंडी पकडून दिवस काढले. रोसेंदा दर उन्हाळ्यात आठ नंबरवर बुडी मारायची, पाटीवर आकडे लिहून आणायची आणि मत्स्य खात्याला पाठवायची.

सहा वर्षांनी संस्थेचा परवाना नूतनीकरणाला आला आणि खात्याचं पत्र पडलं: संस्थेने स्वतः केलेली मोजणी ग्राह्य नाही, या पट्ट्यात धंद्यापुरता अबुलोन शिल्लक नाही, सबब नव्या परवान्यातून तो वगळला आहे. सचिव ब्रिसियाबाईने पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

रोसेंदाने मात्र परवान्याचे नियम काढून बसून वाचले. तक्रार असेल तर खात्याच्या अधिकाऱ्याने स्वतः मोजणी करावी, असं त्यात एक कलम होतं. त्या कलमावर बोट ठेवून तिने अर्जांमागून अर्ज केले. शेवटी गाम्बोआ नावाचे एक साहेब आले. दोनच दिवस हातात. शुक्रवारी राजधानीत फाईल बंद होणार होती.

पहिल्या दिवशी त्यांनी बाहेरचे दोन खडक मोजले. पाटी जवळजवळ कोरीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाटा अशा उसळत होत्या की साहेब होडीकडे बघून म्हणाले, "बाई, हे काही जमायचं नाही. तसंच लिहितो मी."

मकारिओमामा पाण्याच्या कडेला उभा होता. लाटांवरची नजर न काढता तो म्हणाला,

"दहाला ओहोटी थांबेल. तासभर शांत मिळेल."

"नक्की ना, मामा?"

"तू तुझं मोजायचं बघ. समुद्राचं मी बघतो."

आणि खरंच, दहाच्या सुमाराला लाटा बसल्या. होडीवर कॉम्प्रेसर धडधडू लागला. साहेबांनी हवेची नळी दातांत धरण्याआधी बजावलं, "तुम्ही मोजायच्या टेपचं टोक धरायचं. बोट दाखवायचं नाही, खूण करायची नाही. संस्थेचं माणूस मोजणीत चालत नाही."

"नाही करणार."

खाली समुद्री गवताच्या उंच दांड्यांमधून हिरवा उजेड झिरपत होता. टेप ताणली गेली. साहेब पोहत निघाले. ते खडकाच्या माथ्यावरून चालले होते. अबुलोन पाठीवर शेवाळ वाढवून खडकासारखाच दिसतो आणि बसतो कपारीच्या पोटात. दोन कपारी मागे पडल्या. तिसऱ्या कपारीत तिला अबुलोनच्या काळ्या मिशांची झालर हललेली स्पष्ट दिसली. हात उचलावा की काय! तिने टेपचं टोक इतकं घट्ट आवळलं की बोटं पांढरी पडली.

साहेब थांबले. कदाचित त्यांनाही काहीतरी हललेलं दिसलं असावं. त्यांनी कमरेची बॅटरी काढली, खडकाला छाती लावून आत उजेड टाकला आणि तसेच राहिले. मग पेन्सिल चालू लागली. ते मागे वळले, सोडलेल्या दोन्ही कपारींत पुन्हा शिरले. प्रत्येक छतावर, प्रत्येक फटीत, मोठ्यांच्या आडोशाला अंगठ्याच्या नखाएवढी पिल्लं. ती पिल्लं दिसली तेव्हा रोसेंदाला पाण्याखालीच रडू फुटलं.

साहेब वर आले, होडीच्या कडेला लोंबकळत धापा टाकत म्हणाले, "दुसरी पाटी आहे का? ही भरली."

होडीवर कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्या मामाने रोसेंदाची पाटी त्यांच्या हातात दिली. "घ्या. आणि सावकाश मोजा साहेब, घाई नाही आपल्याला."

परवाना पंधरवड्यात आला, पुढच्या वीस वर्षांचा, अबुलोनसकट. आठ नंबरवरून पहिल्या हंगामात दोन हजार नग काढायची मुभा. सभागृहात शिट्ट्या, टाळ्या, कुणी बाकावर चढलं. रोसेंदाने हात वर करून थांबवलं.

"दोन हजार नाही. बाराशेच काढू. पिल्लं वाढू देत."

सगळ्यांच्या माना मकारिओमामाकडे वळल्या.

तो उठला. "काय बघताय? ती बाराशे म्हणाली ना? ज्याला जास्त हवेत त्याने आधी माझ्याशी बोलावं."

"मामा, तुम्हीच तर तेव्हा..." मागून कुणीतरी चेष्टेने म्हणालं.

"तेव्हा मी गाढव होतो. लिही गं ब्रिसिया, इतिवृत्तात लिही."

यावेळी मतं मोजावी लागली नाहीत. एकूणएक हात वर होते.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. पहिला अबुलोन मामानेच काढला आणि किमान आकार तपासायच्या पट्टीसाठी रोसेंदाच्या पुढ्यात ठेवला. पट्टीच्या बाहेर तो दोन बोटं निघाला. ब्रिसियाबाईने तिथेच त्याच्या पातळ चकत्या कापल्या, लिंबू पिळलं, मीठ भुरभुरलं आणि पहिली चकती रोसेंदाच्या तोंडात घातली. घट्ट, गोड, समुद्राच्या चवीची. ती चावत होती आणि हसतही होती, आणि तिच्या मागे एकेक होडी पाण्यात लोटली जात होती.