दारासमोरचा खांब

"त्याचं तोंड जरा तिकडं करा की, देवळाकडं," हेमलता शिडीखाली उभी राहून म्हणाली.

वर चढलेला कामगार वायरला चिकटपट्टी गुंडाळत होता. "सरपंचांनी दाखवलं तसंच बसवतोय, मावशी. चौक दिसला पाहिजे म्हणाले."

"चौक कुटं? माझं दार दिसतंय त्यात."

तो नुसता हसला, खाली उतरला आणि शिडी टेम्पोत टाकून पुढच्या खांबाकडे गेला. हेमलताने ओट्यावर येऊन वर पाहिलं. कॅमेऱ्याचा पांढरा गोळा थेट तिच्या उंबऱ्यावर रोखलेला होता.

कासार आंबोलीच्या पुढे, पौड रस्त्यापासून आत असलेल्या त्या गावात हेमलता ब्लाऊज शिवायची. नवरा गेल्यावर मशीनवर बसूनच तिने निरंजनला शिकवलं. तो आता हिंजवडीत नोकरीला होता आणि भूगावात फ्लॅट घेऊन राहत होता. गावातल्या बाया तिच्याकडे माप द्यायला यायच्या आणि मापाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ बसायच्या. घरी बोलता येत नाही ते तिथे बोलायच्या.

सरपंच विठ्ठलरावांची सून शुभांगी त्यांतलीच. नवरा, ऋषिकेश, तिच्यावर हात उचलायचा. तिने ते आईला फोनवर सांगितलं, तेव्हा त्याने फोनच काढून घेतला. तेव्हापासून ती दुपारी पिशवीत एखादं ब्लाऊज घालून यायची, दार लोटून घ्यायची आणि हेमलताच्या मोबाईलवरून आईशी बोलायची. सुरुवातीला नुसतीच रडायची. पुढे बोलायला लागली. धाकटा भाऊ जीप घेऊन येईल, हेमलताच्या दारातूनच जीपमध्ये बसायचं आणि धरणापलीकडे माहेरी निघून जायचं, इथपर्यंत त्या मायलेकींचं ठरलं होतं.

आणि नेमका तेव्हाच खांब उभा राहिला.

विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या, बंगलेवाल्यांकडे घरफोड्या झाल्या होत्या, त्यामुळे कॅमेरे हवेत हे हेमलतालाही कळत होतं. फक्त चित्र ग्रामपंचायतीच्या सगळ्या सदस्यांच्या मोबाईलवर दिसणार होतं, आणि ऋषिकेश सदस्य होता.

ग्रामसभेत ती उठून उभी राहिली. आजवर कधी उठली नव्हती. "माझ्या दारासमोरचा तेवढा वळवा. बायामाणसांचं येणंजाणं असतंय."

"चोरी न्हाई, लबाडी न्हाई, मग भ्यायचं कशाला?" विठ्ठलराव म्हणाले. "काय लपवायचंय तुमाला, हेमलताबाई?"

सभा हसली. बायकांच्या रांगेत शुभांगी मान खाली घालून बसली होती. तिने एकदाच वर पाहिलं. कारण सांगितलं तर सगळंच संपत होतं, आणि न सांगावं तर मागणीला आधार नव्हता.

तिने आशेने भिवाजीकडे पाहिलं. विरोधी पॅनेलचा हा माणूस विठ्ठलराव पूर्व म्हणाले की पश्चिम म्हणायचा. देवळाच्या रंगावरून त्या दोघांनी दोन सभा उधळल्या होत्या. भिवाजी खरंच उठला.

"सरपंचांचं नि माझं जमत न्हाई, हे समद्या गावाला ठावं हाय," तो म्हणाला. "पन हितं मी त्यांच्या संगट हाय. उलट वरच्या आळीला अजून बसवा, ही आमची मागनी हाय."

दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. नव्या इमारतीत राहायला आलेला कौस्तुभही मागून म्हणाला, "काकू, आमच्या सोसायटीत लिफ्टमध्येसुद्धा आहे. सवय होते हो."

हात वर झाले. इतके एकजात हात गावात याआधी कुणी पाहिले नव्हते. हेमलता खाली बसली.

संध्याकाळी निरंजनचा फोन आला. "आई, सभेत कशाला बोललीस? ऋषिकेशने मलापण कॅमेऱ्याचं ॲप दिलंय. सकाळी तू दार उघडलेलं दिसलं की मी निर्धास्त होतो."

"बरं," ती म्हणाली. लेक प्रेमाने बोलत होता, त्यामुळे तिला रागही काढता आला नाही. त्याला खरं सांगावं असं फार वाटलं. पण तो आणि ऋषिकेश एका बाकावर शिकलेले.

दोन-चार दिवसांनी ऋषिकेश स्वतः ओट्यावर आला. चपला न काढता उभा राहिला आणि मोबाईल तिच्यासमोर धरला. पडद्यावर शुभांगी दार लोटून घेताना दिसत होती.

"मावशी, आमच्या बायकोचं माप एवढ्यांदा का घ्यावं लागतंय? अंगानं वाढतीया का ती?"

"पोरगी बसती घटकाभर. जीव रमतो तिचा."

"घरी रमवू आमी." तो आवाज न चढवता म्हणाला. "तुमी एकल्या हाय. आमचं लक्ष असतंय तुमच्याकडं."

तो गेल्यावरही ती बराच वेळ दाराची कडी धरून उभी होती. दार लावावं तर लावलेलं दिसणार होतं. मागच्या अंगाला बिल्डरने प्लॉटिंगची उंच भिंत घातली होती, तिकडून वाट उरली नव्हती. शेवटी ती आतल्या खोलीत गेली आणि शुभांगीच्या आईला फोन लावला.

"जीप पाठवू नका," ती म्हणाली. "हितं आली तर पोरीचे हाल हुतील. तुमच्या पोरालाबी सोडायचे न्हाईत."

"मग कवा वो?" आईने विचारलं.

शुभांगी यायची बंद झाली. बाकीच्या बायाही आता माप उंबऱ्याबाहेरूनच देऊन जायच्या. कुणी टेकत नव्हतं. मशीन चालू असायचं, घर मात्र गप्प.

एका सकाळी हेमलता ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. शुभांगी डोक्यावर दळणाचा डबा घेऊन रस्त्याने आली. दारासमोर तिच्या चपलेचा अंगठा निसटला. डबा खाली ठेवून ती कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून वाकली.

"मावशी, आई कशी हाय?" तिने चपलेकडे बघत विचारलं.

हेमलताने मान वर केली नाही. ओठ फारसे न हलवता म्हणाली, "बरी हाय. रोज इचारती, कवा येती म्हनून."

शुभांगीची बोटं चपलेच्या पट्ट्यावर थांबली. "येती म्हनावं," ती म्हणाली. तिने डबा उचलून डोक्यावर घेतला, पदर नीट केला आणि सरपंचांच्या घराच्या दिशेने चालू लागली.

हेमलता तांदूळ निवडत राहिली. सुपात खडे कधीचेच उरले नव्हते.