भाच्यासाठी चार ओळी

लेस्टर अमेरिकेत फेडरल कोर्टाचा न्यायाधीश झाला, तेव्हा वसईत त्याच्या वाडीने बँड लावला होता. नेमणूक मरेपर्यंतची! दुसऱ्याच आठवड्यात फोन सुरू झाले. "व्हिसाचं जरा बघ ना." न्यायाधीश म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे व्हिसा, असा लोकांचा सरळ हिशेब. कंटाळून लेस्टरने नातेवाइकांचे फोन घेणंच सोडलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं घरच्यांचंही झालं.

त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. मस्कतला वकिलांपुढे भाषण द्यायला म्हणून तो आला आणि तिथल्याच अल हैल भागात राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, लिंडाच्या, स्वयंपाकघरात येऊन बसला. माणसांना तुरुंगात पाठवून पाठवून तो दमला होता. हा शीण कितीही झोपलं तरी जाईना.

चर्चमधली शुक्रवारची मिसा आटोपून आलेली लिंडा सुरमई तळत होती. तिचा मुलगा बेंजामिन टेक्ससमध्ये असतो. तिथे त्याने विम्याच्या खोट्या कागदांवर सह्या केल्या. गुन्हाही कबूल केला. पुढच्या महिन्यात शिक्षा ठरणार होती.

"तिथल्या जजला चार ओळी लिही रे. पोरगा वाईट नाही, एवढंच."

"बाय, न्यायाधीशाला कुणासाठी असं पत्र लिहिता येत नाही. नियम आहे."

"मग राहू नकोस न्यायाधीश!" लिंडा कडाडली. "सत्तरीला आलास. इथे नोकरीत साठी झाली की खलास, घरी जा म्हणतात. तुला कोणी उठवणारच नसेल, तर आपणहून उठ ना!"

लेस्टरला राग यायला हवा होता. आला नाही. कोणीतरी एकदाचं हे बोलावं, म्हणूनच आपण वर्षानुवर्षं थांबलो होतो, असं त्याला वाटलं.

"देतो राजीनामा," तो म्हणाला. "मग तर लिहिता येईल."

लिंडाने क्रूसाची खूण केली आणि पदराने डोळे पुसले. लेस्टरने लगेच कागद ओढला. 'बेंजामिन हा माझा भाचा' एवढं लिहिलं आणि तो अडला. अशी पत्रं त्याने आयुष्यभर वाचली होती. नुसतंच 'चांगला, कष्टाळू' लिहिलेलं पत्र तो न रेंगाळता बाजूला टाकायचा. आणि त्याला तरी दुसरं काय ठाऊक होतं? एकाच देशात राहून तो बेंजामिनच्या लग्नाला गेला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"बाय," त्याने हळूच विचारलं, "बेंजामिन कसा आहे गं?"

लिंडा कालथा हातात धरून वळली.

"मला विचारतोस? बाप्तिस्म्याला त्याला हातात कोणी धरलं होतं? धर्मपिता आहेस तू त्याचा!"

लिंडाने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली.

"लिही," ती म्हणाली. "मी सांगते."